आसनांना जोर-बैठकांचं माप लावू नका : या चुका टाळा

पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय पसरून बसून पुढे झुकायचं आसन, करणाऱ्या नवशिक्याकडे एकदा बाजूने बघा. श्वास कोंडलेला, चेहरा लालबुंद, पाठीची कमान झालेली, आणि पायाचा अंगठा हाती लागावा म्हणून झटक्यावर झटके. मीही तीन वर्षं हेच केलं. पीटीच्या तासाला ‘अजून वाका, अजून!’ ऐकत वाढल्यावर दुसरं काय सुचणार? अंगठा लागला, त्याच महिन्यात कंबरही धरली.

झटका दिला की स्नायू फाटू नये म्हणून स्वतःला आवळून घेतो. म्हणजे ओढाल तितका तो हट्टाला पेटतो. मांडीमागचे स्नायू सुटत नाहीत, मग सगळा ताण कमरेच्या मणक्यांवर. चादरीची जाड घडी बुडाखाली घ्या, गुडघे किंचित वाकवा आणि पाठीतून नाही, खुब्यातून पुढे झुका. हात नडगीवर पोचले तर नडगीवर ठेवा. मग पाच-सहा संथ श्वास. दर उच्छ्वासाला अंग बोटभर खाली जातं. नाही गेलं तर राहू द्या.

पतंजलींनी योगसूत्रांत आसनाची व्याख्या ‘स्थिरसुखमासनम्’ (स्थिर आणि सुखाचं ते आसन) अशी केली, आणि पुढच्याच सूत्रात ते साधायचा मार्ग सांगितला : प्रयत्नशैथिल्य, म्हणजे जोर सैल सोडणं. आखाड्यात नेमकं उलटं. तिथे भार वाढवत न्यायचा, तरच दंड भरतात. धावताना दम लागायलाच हवा, तरच छातीचा दमसास वाढतो. संथ आसनात ठोके फारसे चढत नाहीत आणि उच्छ्वास लांबवला की उतरतातही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते अशा गोष्टी यंत्रं लावून तपासायलाच.

म्हणून ‘घाम येत नाही, वजन हलत नाही’ ही तक्रार खरी असली तरी चुकीच्या दुकानात केलेली आहे. महिन्याभराने झोप बघा, सकाळी उठताना पाठ किती आखडते ते बघा, चिडल्यावर श्वास किती वेळात जागेवर येतो ते बघा.

याच्या उलटी चूक घरोघरी : ‘मी योगा करतो, मला चालायची गरज नाही.’ आहे! जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. अर्धा तास पवनमुक्तासन-भुजंगासन केलंत तर तो वेळ त्या १५० मिनिटांत धरू नका. भराभर घातलेले सूर्यनमस्कार मात्र खुशाल धरा. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा प्रचार व्यायाम म्हणूनच तर केला होता. फक्त वर्षभर शून्य आणि रथसप्तमीला एकदम १०८, हे नको. दुसऱ्या दिवशी मनगटं आणि खांदे बोलतात.

जिमला जाणाऱ्यांची गफलत क्रमात असते. जड वजन उचलण्याआधी मिनिट-मिनिटभर ताण धरून ठेवलात तर स्नायूचा जोर तात्पुरता थोडा उतरतो. आधी वजनं, मग आसनं.

शीर्षासनाबद्दल एवढंच : काचबिंदू, चढलेलं बीपी किंवा मानेचं दुखणं असेल तर नको. व्हिडिओ बघून तर कुणीच नको.

आणि शवासन. सोसायटीच्या हॉलमधल्या आमच्या वर्गात शेवटच्या पाच मिनिटांत निम्म्या चटया गुंडाळलेल्या असायच्या. कुणाला डबा, कुणाला लोकल. ‘नुसतं पडायचं तर घरी पडू की,’ असंही कुणी म्हणायचं. पण आधीचा अर्धा तास ज्यासाठी घालवला ते शांतवणं इथे पुरं होतं. झोप लागत असेल तर डोळे किलकिले ठेवा, कंबर टेकत नसेल तर गुडघ्यांखाली लोड घ्या. उठताना गरगरत असेल तर सरळ उठून बसू नका : आधी कुशीवर वळा, दोन श्वास तसेच पडून राहा, मग हाताचा टेकू देऊन बसा. डोकं सगळ्यात शेवटी वर येऊ द्या.