फरदड संपली की पुस्तकांची संध्याकाळ अशी करा

आमचं वाचनालय ड वर्गाचं, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात. तीन कपाटं, एक पंखा. तिथं मी फेब्रुवारीत कृष्णवर्णीय लेखकांच्या पुस्तकांची संध्याकाळ करते. अमेरिकेत हा त्यांच्या इतिहासाचा महिना. आपल्याकडं तोवर फरदडीची, म्हणजे मुख्य हंगामानंतर ठेवलेल्या कपाशीची, वेचणी आटोपत येते अन् बाया जरा मोकळ्या होतात. तुम्हाला करायची असेल तर माझ्या चुका तरी टाळा.

हार आणू नका. पहिल्या वर्षी नायजेरियाच्या चिमामांडा न्गोझी अडिची यांचा फोटो छापून आणला अन् सवयीनं झेंडूचा हार घातला. शेजारची आजी दारातच थबकली, "अवो माय, कधी गेली वो हे बाई?" बाईंचा जन्म 1977चा, लिहित्या आहेत! वक्ताही आणू नका. शहरातून आलेले आमचे वक्ते दीड तास साहित्यातले 'प्रवाह' सांगत राहिले; मागच्या बाया एकेक करून स्वयंपाकाला निघून गेल्या.

पुस्तक एकच घ्या. मी अमेरिकेच्या कोल्सन व्हाइटहेड यांची 'द अंडरग्राउंड रेलरोड' घेते. 2016ची कादंबरी, पुढच्या वर्षी पुलित्झर हा अमेरिकेतला मोठा पुरस्कार मिळालेली. तिच्यातली कोरा जॉर्जियातल्या कापसाच्या मळ्यावर गुलाम आहे. प्रत इंग्रजी असली तरी अडत नाही. आदल्या रात्री थोडी पानं वाचायची अन् दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून आपल्या बोलीत सांगायची. वाचून दाखवलं की लोक शाळेत बसल्यासारखे बसतात.

एक वस्तू मात्र हवीच: वजनकाटा. मी खिळ्याला टांगते, खाली वेचलेल्या कापसाचं गाठोडं. मग सांगते की त्या मळ्यांवरही संध्याकाळी प्रत्येकाचा कापूस तोलायचे, अन् कमी भरला की चाबूक. मागच्या वर्षी इथं सगळे गप्प झाले. मग एकीनं विचारलं, "अन् जास्त भरला त?"

"त उद्यापासून तेवढाच पायजे."

"मंग जास्त कायले वेचन कोनी," ती म्हणाली, अन् पाऊण तास बाया आपल्याच काट्याबद्दल बोलत होत्या: किलोमागचे पैसे, ओला कापूस, मालकाचं बोट कुठं टेकतं. मी मधे पडले नाही. तुम्हीही पडू नका.

बापे मंडळींना इतिहास लागतो, तो थोडक्यात द्या. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी झाली, तिथला कापूस इंग्लंडला जाणं अडलं अन् आपल्या वऱ्हाडी कापसाला भाव चढला. महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. बाबासाहेबांचं नाव निघतंच; तेव्हा अमेरिकेच्या इझाबेल विल्करसन यांचं 2020चं 'कास्ट' पुढं करा, त्यात अमेरिकेचा वर्णभेद आपल्या जातीशेजारी ठेवून पाहिलाय.

पोरांसाठी अडिचींच्या 'हाफ ऑफ अ येलो सन' या कादंबरीतला उग्वू ठेवा. खेड्यातून प्राध्यापकाच्या घरी कामाला आलेला हा पोरगा फ्रीज पाहून हरखतो. नागपूरला मावशीकडं राहून आलेली पोट्टी लगेच ओळखतात.

अमेरिकन अन् आफ्रिकन लेखक एकाच टोपलीत टाकू नका, प्रत्येकाचा देश सांगा.

चहा शेवटी द्या, नाहीतर लोक पिऊन उठतात. काटा रात्रीच परत पोचवा; सकाळी मालकाला लागतो.