‘मी असं बोललोच नाही’ म्हणणाऱ्या नवऱ्यासोबत राहताना: नोंदवही आणि कागदपत्रं

नवरा नार्सिसिस्ट (स्वतःपुढे दुसऱ्या कुणाला किंमत न देणारा) आहे हे सिद्ध करण्यात वर्षं घालवू नका. ते निदान मानसोपचारतज्ज्ञाचं काम. नऊपैकी किमान पाच लक्षणं जुळावी लागतात, आणि असा माणूस तपासायला जातो कशाला! कायद्याला त्या निदानाची गरजही नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात अपमान, टोमणे, पैशांची अडवणूक हेही हिंसेत मोडतं. तो काय करतो, ते लिहा.

नोंद त्याच दिवशी. तारीख, वेळ, समोर कोण होतं, त्याचे शब्द, पुढे काय झालं. चार-पाच ओळी पुरतात. ‘फार अपमान केला’ यातून कुणालाच काही कळत नाही. ‘जाऊबाईंसमोर म्हणाला, अक्कल माहेरी विसरलीस का; मग आठ दिवस घरखर्च दिला नाही’ यातून कळतं. गुजरातीत बोलला असेल तर शब्द गुजरातीतच ठेवा. तुम्ही बडोद्यात राहत असाल तर तिथल्या कोर्टात कामकाज गुजरातीत चालतं, आणि मराठी करून पुन्हा गुजराती केलं की टोमण्याची धार जाते. ‘तुला भास होतात’ हे रोज ऐकून स्वतःवरचाच विश्वास उडतो, तेव्हाही हीच वही कामी येते.

वही घरात नको, फोनमध्ये तर त्याहून नको. बहुतेकींचं इथेच फसतं: फोन त्याने सेट करून दिलेला, गूगल खातं त्याच्याही फोनवर चालू, व्हॉट्सअ‍ॅपचं ‘लिंक्ड डिव्हायसेस’ (तुमचं व्हॉट्सअ‍ॅप आणखी कुठे चालू आहे त्याची यादी) कधी उघडून पाहिलेलं नाही. दोन्ही तपासा, पण घाईने लॉगआउट करू नका. त्याला लगेच कळेल. आधी दुसऱ्याच्या फोनवर नवीन ईमेल उघडा आणि नोंदी तिकडे पाठवा. मेसेजचा स्क्रीनशॉट कापू नका, तारीख आणि नंबर दिसू द्या. मूळ फोन विकू नका.

लग्नाचा दाखला, आधार, मुलांचे जन्मदाखले, दागिन्यांची बिलं यांच्या प्रती माहेरी. बिल नसेल तर लग्नातले दागिने घातलेले फोटो चालतात. स्वतःचं खातं वेगळ्या बँकेत असावं.

त्याला ‘तू नार्सिसिस्ट आहेस’ ऐकवायचा मोह आवरा. आठवड्याभरात तोच शब्द तो तुमच्याविषयी सासरी वापरेल; चोराच्या उलट्या बोंबा. जोडीने समुपदेशनाला जाण्याआधी एकदा एकट्या जा. बाहेर तो गोडबोल्याच असतो, आणि तिथे मनातलं बोललात तर त्याची वसुली घरी होते.

निघायचं ठरवलंत की तारीख गुप्त ठेवा. तुमच्यावरचा ताबा सुटतोय असं त्याला दिसलं की धोका सगळ्यात वाढतो. गुजरातमध्ये 181 अभयम ही हेल्पलाइन रात्रंदिवस आणि मोफत चालते. गरज पडली तर गाडीतून समुपदेशक आणि महिला पोलीस घरी येतात. सरकारतर्फे मोफत वकिलाची मदत बाईला उत्पन्न न बघता मिळते, नंबर 15100. 2005 च्या कायद्याखाली कोर्टात अर्ज केला की पहिली सुनावणी तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात लांबतंच. म्हणून अर्जातच कलम 23 खाली अंतरिम आदेश, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता आदेश, मागा.

‘घराबाहेर काढीन’ या धमकीला त्याच कायद्याचं कलम 17 हे उत्तर आहे: घर तुमच्या नावावर नसलं तरी तिथे राहण्याचा हक्क आहे. आणि इंदूरला किंवा पुण्याला माहेरी गेलात तर अर्ज तिथल्या कोर्टातही करता येतो. त्यासाठी बडोद्याला परतावं लागत नाही.