आधी वही, मग अर्ज, व्हिडिओ सगळ्यात शेवटी

तुमच्या वर्कशॉपमध्ये एखादं यंत्र तयार झालंय, ते नीट चालतंय आणि बघणारा प्रत्येक जण सांगतोय, "अहो, याचं पेटंट घेऊन टाका." घ्या जरूर. पण आधी त्या यंत्राचे फोटो आणि व्हिडिओ कोणाकोणाच्या फोनवर गेलेत ते बघा. अर्ज दाखल होण्याआधी वस्तू लोकांसमोर आली, की कायद्याच्या नजरेत ती नवी राहत नाही. मग ती यूट्यूबवर दिसलेली असो, की दोन गिऱ्हाइकांना विकलेली. प्रदर्शनात मांडलेल्या वस्तूला बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनापुरती. तालुक्याच्या मैदानावरच्या कृषी मेळाव्याला ती मिळेल असं धरून चालू नका. लेथवाला, वेल्डर, पावडर कोटिंग करणारा, ज्याच्या हातात ड्रॉइंग जाणार त्या प्रत्येकाची गोपनीयतेच्या करारावर तारखेसह सही घ्या. "घरचाच माणूस आहे, त्याच्याकडून सही कसली घ्यायची," या भिडेपायी बरीच पेटंटं अर्जाआधीच गेलेली आहेत.

मग वही. पक्क्या बांधणीची, पानांवर आकडे घातलेली, रोजची तारीख असलेली. आपल्याकडे आधी अर्ज करणाऱ्याला हक्क मिळतो, त्यामुळे वहीत जुनी तारीख आहे म्हणून कोणी तुम्हाला पुढचा नंबर देणार नाही. तरीही ती हवी, कारण शोध एका दिवसात लागत नाही आणि पुढे पेटंट कार्यालयाचा परीक्षक विचारतो ते नेमकं तेच: हे या धंद्यातल्या कोणालाही सहज सुचलं नसतं का? समजा, तुम्ही कांदा प्रतवारीचं यंत्र केलंय. पहिल्या खेपेला रोलरवर कांद्याची साल सोलवटली, दुसऱ्या खेपेला ओला कांदा फटीत अडकला, मग तुम्ही यंत्र चालू असतानाच फट कमीजास्त करणारी युक्ती बसवली. हे फसलेले प्रयोगही लिहून ठेवा, जमलं तर मापांसकट. सरळ रस्त्याने गेल्यावर काम होत नव्हतं, हे दाखवायला याहून चांगला कागद मिळत नाही.

वही भरली, की एका वाक्यात लिहून काढा: यात नवं नेमकं काय? सगळ्यात जास्त वेळ मी या वाक्याला देईन. "माझं कांद्याचं यंत्र" हे उत्तर नव्हे, कारण रोलर जुने, मोटर जुनी, पट्टाही जुना. ठाऊक असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी-शेजारी बसवल्या आणि प्रत्येक आपलं जुनंच काम करत राहिली, तर 1970 च्या पेटंट कायद्याचं कलम 3 त्या मांडणीला शोध मानत नाही. त्याच कलमात शेतीची पद्धत, रोग्यावरचे उपचार, गणिती सूत्र, निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि पारंपरिक ज्ञान हेही बाहेर ठेवलेलं आहे. तुमचं वाक्य चालत्या यंत्रात फट बदलण्याच्या जुळणीबद्दल असेल आणि तिने कांद्याची साल वाचत असेल, तर पुढे सरका.

आता ते वाक्य दुसऱ्या कोणी आधीच लिहिलंय का ते शोधा. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरची शोधसुविधा, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची पेटंटस्कोप आणि गूगल पेटंट्स, तिन्ही फुकट आहेत. पण तेवढ्यावर थांबू नका. जुनी मासिकं, कृषी विद्यापीठांच्या पुस्तिका, प्रबंधसुद्धा चाळा. 1995 मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं, तेव्हा सीएसआयआर या आपल्या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं. संस्थेचे महासंचालक होते मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. पुरावा म्हणून जुने ग्रंथ आणि 1953 चा एक वैद्यकीय लेख पुढे ठेवला गेला आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. आजीचा बटवा छापील असेल तर तो असा कामाला येतो. आणि तुमच्याविरुद्धही येऊ शकतो.

कधीकधी असंही निघतं, की तुम्हाला पेटंट नकोच आहे. नावीन्य फक्त दिसण्यात असेल तर डिझाइनची नोंदणी करा; ती दहा वर्षांची, पुढे पाच वर्षं वाढते, मात्र तीही वस्तू बाहेर येण्याआधी. नाव चालत असेल तर ट्रेडमार्क. पिकाचं वाण पेटंटमध्ये येत नाही, त्याला 2001 चा वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी भात निवडून काढला तेव्हा हा कायदा नव्हता. ते वाण दूरवर पोचलं, श्रेयासाठी मात्र दादाजींना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. आणि दोन हंगामांत जुनी होईल अशी वस्तू असेल, तर माझं मत विचाराल तर पेटंटचा पैसा मालात घाला.

अर्ज कोणाच्या नावावर, हे लाजत न बसता ठरवा. डोकं ज्याचं तो शोधक, पैसे घालणारा नव्हे. भागीदाराचं किंवा कंपनीचं नाव अर्जदार म्हणून घालायचं तर शोधकाने हक्क दिल्याचा कागद लागतो. नोकरीत असाल तर नेमणुकीचा करार काढून वाचा, विद्यार्थी असाल तर कॉलेजचं धोरण. अमेरिकेतल्या भाच्याच्या सल्ल्याने आधी तिकडे अर्ज टाकण्याचा विचार असेल, तर थांबा: भारतात राहणाऱ्याने परवानगीशिवाय परदेशात पहिला अर्ज करायचा नसतो. परवानगी नसेल, तर इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं.

शोध पूर्ण पिकलेला नसेल तर तात्पुरता तपशील, म्हणजे शोधाचं आतापर्यंतचं लेखी वर्णन, देऊन तारीख पकडता येते. पूर्ण तपशील बारा महिन्यांत. पण तात्पुरता म्हणजे दोन पानांत उरकलेला असं समजू नका. त्यात जे लिहिलंय त्यालाच ती तारीख मिळते; मार्चमध्ये सुचलेली स्प्रिंग जानेवारीच्या अर्जात नसेल, तर तिला जानेवारी मिळत नाही. दावे, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागताय ते सांगणारी अर्जातली वाक्यं, लिहितानाही जपा. "लोखंडी दांडा" असं लिहिलं, की शेजारच्या गावचा कारखानदार ॲल्युमिनियमचा बसवून मोकळा. फार पसरट लिहिलं तर जुनं तंत्रही त्यात सापडतं आणि परीक्षक दावाच नाकारतो. ही चाळणी धरायला पेटंट एजंटाला पैसे द्यावेत. बाकी फॉर्म स्वतः भरता येतात, ऑनलाइन भरायला डिजिटल सही लागते.

खर्चाचा अंदाज आधीच काढा. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क 1600 रुपये, तपासणीच्या विनंतीचं 4000. तीस पानं किंवा दहा दावे ओलांडले की वेगळे पैसे. एजंटाची फी याहून बरीच मोठी असते, ती दोघातिघांकडून विचारा. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात. ते अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात आहे.

तारखा भिंतीवर लावा. पहिल्या अर्जाच्या तारखेपासून अठरा महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. 2024 च्या नव्या नियमांनी तपासणीची विनंती त्याच तारखेपासून एकतीस महिन्यांत करावी लागते, नाहीतर अर्ज मागे घेतला असं धरतात. परीक्षकाचे आक्षेप आल्यावर उत्तराला सहा महिने. पेटंट मिळालं की ते अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांचं, पण तिसऱ्या वर्षापासूनचं नूतनीकरण शुल्क भरत राहिलात तरच. आणि हे सगळे निरोप ई-मेलवर येतात, तेव्हा अर्जात सायबर कॅफेवाल्याने घातलेला पत्ता आहे की तुमचा, ते सही करण्याआधी एकदा वाचून घ्या.