जवळचं कॉलेज बंद पडायला लागलंय असं वाटलं तर काय करायचं? खानापूर, बेळगाव, निपाणी भागातल्या पालकांसाठी

माझी भाची खानापूर तालुक्यातली. बीए सेकंड इयरला होती आणि जुलैमध्ये कॉलेजात गेल्यावर कळलं की यंदापासून ऐच्छिक मराठीचं कॉम्बिनेशन (विषयांचा गट) नाही, दुसरा विषय घ्या नाहीतर दुसरीकडं जावा. फी भरून झालेली, ओरिजिनल मार्क्स कार्ड ऑफिसात ठेवून घेतलेले. चार महिने त्यातच गेले. त्या चार महिन्यांत आम्ही जे धक्के खात शिकलो ते इथं लिहितोय, कारण दरवर्षी जून आला की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच की पोरीला कुठं घालू.

पहिली गोष्ट, छोटं कॉलेज एका दिवसात बंद पडत नाही, एकेक कॉम्बिनेशन करत आटत जातंय. आधी एक सर रिटायर होतात, त्यांच्या जागी कुणी परमनंट येत नाही, गेस्ट लेक्चरर येतात, ते पण दिवाळीनंतर सोडून जातात, मग फर्स्ट इयरला आठ-दहाच मुलं उरतात आणि मॅनेजमेंट म्हणतंय की एवढ्यांसाठी वर्ग चालवणं परवडत नाही. कारणं पण समजून घ्या म्हणजे राग चुकीच्या माणसावर निघणार नाही. २०२०-२१ च्या केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात कर्नाटकात १८ ते २३ वयाच्या दर लाख मुलांमागं ६२ कॉलेजं होती, देशात सगळ्यात जास्त. म्हणजे कॉलेजं भरपूर आणि मुलं विभागलेली. त्यात नर्सिंग, बीसीए, डिप्लोमाकडं ओढा, मराठी माध्यमातून येणारी मुलं कमी झालेली, आणि ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत मुलींना सरकारी बस फुकट झाल्यामुळं पुष्कळ जणी थेट बेळगावला जातात. ते चांगलंच झालं, पण ज्या गावाला दिवसातून दोनच बसा आहेत तिथल्या मुलीला जवळचं कॉलेज गेलं म्हणजे शिक्षणच गेलं, हे मी डोळ्यानं बघितलंय. मुलाला बाईक मिळते, मुलीला घरी बस म्हणतात.

म्हणून अॅडमिशन घ्यायच्या आधीच चौकशी करा. ऑफिसात जाऊन तीन गोष्टी विचारायच्या. या कॉम्बिनेशनला गेल्या वर्षी फर्स्ट इयरला किती मुलं होती, त्याला परमनंट सर-मॅडम किती, आणि या वर्षाचं विद्यापीठाचं संलग्नतेचं पत्र आलंय का. विद्यापीठाची एलआयसी कमिटी (लोकल इन्क्वायरी कमिटी, विमावाली नव्हे) कॉलेज बघायला येते, त्यांच्या अहवालावर संलग्नता पुढं चालू राहते, त्यामुळं हे विचारण्यात काही गैर नाही. आणि क्लार्कवर सगळं सोपवू नका, फायनल इयरच्या दोन-तीन मुलांना गाठून विचारा की तुम्ही फर्स्ट इयरला किती होता आणि आता किती आहात, तो आकडा खरा असतोय. कॉलेजचं नॅक (दर्जाचं सरकारी मूल्यांकन) झालं असेल तर त्यांच्या वेबसाइटवर दरवर्षीचा एक्यूएआर नावाचा अहवाल असतो, त्यात किती जागा आणि किती अॅडमिशन हे असतं, मोबाइलवर उघडून बघता येतंय. तो अहवाल तीन-चार वर्षं टाकलेलाच नसेल तर ते पण एक उत्तरच समजा.

आता खर्च. आपल्याकडं माणसं फक्त फी बघतात आणि तिथंच फसतात. समजा बेळगावात कॉलेजची फी वर्षाला १२,००० आहे, मुलगी खोली घेऊन राहणार, खोलीचे वाटणीला महिन्याला २,५०० आणि मेसचे ३,००० धरले तर दहा महिन्यांचे ५५,००० झाले, म्हणजे वर्षाचे ६७,००० आणि तीन वर्षांचे दोन लाख, यात परीक्षा फी, पुस्तकं, मोबाइलचा रिचार्ज, आजारपण काहीच धरलेलं नाही. हेच गावाजवळच्या कॉलेजची फी २०,००० असली आणि रोज घरी जेवायला येत असली तर स्वस्त पडतंय. त्यामुळं कागदावर तीन वर्षांचं मांडा, एका वर्षाचं नको, कारण फी दरवर्षी वाढते आणि वाढ किती होणार ते आधी विचारायचं असतंय. सरकारी फर्स्ट ग्रेड कॉलेज, अनुदानित, विनाअनुदानित यांच्या फीत मोठा फरक आहे, एकाच कॉलेजात बीएचा वर्ग अनुदानित आणि बीसीए विनाअनुदानित असं पण असतंय, तेव्हा कोर्सचं नाव घेऊन विचारा. बिल्डिंग फंड म्हणून, डेव्हलपमेंट म्हणून जे मागतात त्याची पावती मागा. पावती देणार नाही म्हटलं तर ते पैसे परत मिळणार नाहीत असं धरूनच निर्णय घ्या.

स्कॉलरशिपचं काम जूनमध्येच सुरू करा. शेवटच्या तारखेला सर्व्हर चालत नाही हे दरवर्षीचं आहे. कर्नाटकात बहुतेक सगळं एसएसपी, म्हणजे राज्य सरकारच्या स्टेट स्कॉलरशिप पोर्टलवरून होतंय. त्याला नाडकचेरीचा (महसूल ऑफिसचा) जात आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, त्याच्यावर आरडी नंबर असतो तो टाकावा लागतो. आपला मराठा समाज इथं ३बी या मागासवर्गीय प्रवर्गात येतो, महाराष्ट्रातल्या नातेवाइकांनी सांगितलेले नियम इथं लागू होत नाहीत, हे लक्षात ठेवा. जुन्या मार्क्स कार्डाचं ई-अटेस्टेशन (ऑनलाइन साक्षांकन) करून घ्यावं लागतं. आणि बँक खातं आधारला जोडलेलं आहे एवढं पुरत नाही, एनपीसीआय मॅपिंग (आधारवर येणारे सरकारी पैसे कुठल्या खात्यात जायचे याची नोंद) झालेलं पाहिजे, बँकेत जाऊन नेमका हाच शब्द वापरून विचारा. आमच्या भाचीचे पैसे मंजूर होऊन तिच्या कुठल्यातरी जुन्या झिरो बॅलन्स खात्यात जाऊन पडले होते आणि आम्ही कॉलेजला दोष देत बसलो होतो.

सीमाभागात एक त्रास जास्त आहे, नावाचा. मार्क्स कार्ड इंग्रजीत, जातीचा दाखला कन्नडमध्ये, आधारवर तिसरंच स्पेलिंग. कुठं आडनाव आधी, कुठं वडिलांचं नुसतं इनिशियल. सिस्टीमला हे तिघं वेगळे लोक वाटतात. दहावीच्या मार्क्स कार्डावर जसं नाव आहे तसंच बाकी सगळीकडं करून घ्या, आधार दुरुस्ती सुट्टीतच उरका.

शेतकऱ्याची मुलं असतील तर रैत विद्यानिधी ही राज्य सरकारची स्कॉलरशिप यंदा मिळते का ते विचारायला विसरू नका. २०२१ मध्ये सुरू झाली तेव्हा डिग्रीच्या मुलाला वर्षाला ५,००० आणि मुलीला ५,५०० असं होतं, इंजिनिअरिंग-मेडिकलला १०,००० आणि ११,०००. त्याला आईवडिलांचा फ्रूट्सचा (शेतकरी नोंदणीच्या सरकारी पोर्टलचा) एफआयडी नंबर लागतो, तो रैत संपर्क केंद्रात करून मिळतो. जमीन आजोबांच्या नावावर आणि वाटणी झालेली नाही अशी घरं आपल्याकडं भरपूर, त्यांचं इथंच अडतंय, म्हणून उतारा आधी बघून ठेवा.

कर्जाबद्दल थोडंच सांगतो. २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना आली, त्यात तारण लागत नाही, ७.५ लाखांपर्यंतच्या कर्जाला ७५ टक्के सरकारी हमी आहे, आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सूट. पण ती निवडक संस्थांनाच लागू आहे, आपल्या तालुक्याच्या छोट्या कॉलेजाचं नाव त्या यादीत असेलच असं नाही, म्हणून यादी बघितल्याशिवाय बँकेत हेलपाटे घालू नका. माझं स्पष्ट मत आहे की साध्या बीए-बीकॉमसाठी सोनं गहाण टाकू नये. तेवढ्यासाठी सरकारी कॉलेज आहे.

बरं, आता वर्ग बंद पडलाच तर. सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. डिग्री कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कॉलेजात शिकत असाल तर तुमचं रजिस्ट्रेशन, तुमचे मार्क्स सगळं विद्यापीठाकडं आहे, कॉलेज बंद पडलं म्हणून झालेल्या सेमिस्टर वाया जात नाहीत. त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या कॉलेजात गेलात तर सिलॅबस तोच राहतो, म्हणून पहिला शोध तिथंच घ्यायचा.

टीसी घ्यायची घाई करू नका. आमच्याकडून हीच चूक होता होता राहिली. ऑफिसातले म्हणत होते टीसी घेऊन जावा, मोकळे व्हा. दुसऱ्या कॉलेजनं त्या सेमिस्टरला, त्या विषयांना जागा आहे असं लेखी देईपर्यंत टीसी घेतली तर मूल कुठलंच राहत नाही. आधी प्रिन्सिपलना अर्ज द्यायचा की वर्ग का आणि कधीपासून बंद, ते लेखी द्या. अर्जाची झेरॉक्स काढून त्यावर आवकचा शिक्का घ्यायचा. एकट्यानं जाऊ नका, वर्गातली सगळी मुलं सही करा, आठ असली तरी चालतंय. त्यात पहिली मागणी ही ठेवा की नवीन अॅडमिशन बंद करा हवं तर, पण आम्हाला डिग्री संपेपर्यंत शिकवा. इंजिनिअरिंगला एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय संस्थेची अशी टप्प्याटप्प्यानं बंद करायची पद्धतच आहे, फर्स्ट इयर घेत नाहीत आणि आत असलेल्यांना पूर्ण करू देतात, तेव्हा ही मागणी काही जगावेगळी नाही. नाहीच ऐकलं तर तोच अर्ज विद्यापीठाच्या कुलसचिवांकडं. मग दोन्ही कॉलेजांची एनओसी, विद्यापीठाची परवानगी, आणि त्यानंतर टीसी. स्कॉलरशिपचा अर्ज जुन्या कॉलेजातून गेलेला असेल तर बदल झाल्याचं नव्या कॉलेजच्या स्कॉलरशिप क्लार्कला त्याच दिवशी सांगा.

ओरिजिनल मार्क्स कार्ड कुणी अडवून ठेवलं तर यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) ऑक्टोबर २०१८ चं नोटिफिकेशन दाखवा. त्यात साफ लिहिलंय की कागद तपासून परत द्यायचे, ठेवून घ्यायचे नाहीत. फी परतीचं पण त्यातच आहे. अॅडमिशनच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा जास्त आधी सोडलं तर सगळी फी परत, जास्तीत जास्त ५ टक्के कापून आणि ते पण ५,००० च्या वर नाही. १५ दिवसांच्या आत पण तारखेआधी सोडलं तर ९० टक्के, तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८०, त्यापुढं ३० दिवसांपर्यंत ५०, आणि मग काही नाही. मधल्या काही वर्षांत यूजीसीनं याहून सैल तारखा दिल्या, २०२४-२५ ला ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी परत होती, तेव्हा त्या वर्षाचं पत्रक बघायचं. तक्रार यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर करता येते. आम्ही ते नोटिफिकेशन छापून नेलं, वाद न घालता टेबलावर ठेवलं, आणि मार्क्स कार्ड त्याच आठवड्यात मिळालं.

निपाणीकडच्यांना एक वाट आणखी आहे. अर्जुननगरचं देवचंद कॉलेज निपाणीला लागूनच, पण कागल तालुक्यात, शिवाजी विद्यापीठाचं. बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांना चंदगड, गडहिंग्लज जवळ पडतंय. मराठीतून शिकायचं असेल तर ही मोठी सोय आहे, पण अधल्यामधल्या वर्षाला विद्यापीठ बदलायला जाऊ नका, सिलॅबस जुळत नाही, फर्स्ट इयरलाच ठरवा. मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल. आणि स्कॉलरशिप कुठल्या राज्याची मिळणार हे अॅडमिशनच्या आधी विचारा, नाहीतर हिकडची पण नाही आणि तिकडची पण नाही अशी गत होते. इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळा उमेदवारी प्रकार आहे, त्याला सीमाभागातलं गाव आणि मातृभाषा असे दोन दाखले ठरलेल्या नमुन्यात लागतात. उलट कर्नाटकच्या केसीईटीला पहिली ते बारावीत किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेलं आणि दहावी किंवा बारावी इथून पास झालेलं असं बघतात, स्टडी सर्टिफिकेटवर बीईओची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) सही लागते. शाळा मर्ज झाली की जुने रजिस्टर शोधत फिरावं लागतंय, म्हणून ते सर्टिफिकेट शाळा चालू आहे तोवर काढून ठेवा.

कुठंच जमलं नाही, घरचे बाहेर पाठवत नाहीत, तर म्हैसूरचं मुक्त विद्यापीठ, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, इग्नू आहेत. रोजच्या वर्गाची सर त्याला नाही, पण वर्ष रिकामं घालवण्यापेक्षा हजार पटीनं बरं. एकदा खंड पडला की मुलीच्या लग्नाचं बोलणं सुरू होतंय.

आणि यूयूसीएमएस (विद्यापीठ-कॉलेजच्या कामांचं राज्य सरकारचं पोर्टल) असो की एसएसपी, फॉर्म भरताना मोबाइल नंबर नेट सेंटरवाल्याचा टाकू देऊ नका, स्वतःच्या घरचा टाका, पासवर्ड वहीत लिहा. कॉलेज बदलताना ओटीपी त्याच नंबरवर येतो आणि तो माणूस तोवर दुकान बंद करून गोव्याला गेलेला असतो, आमच्या शेजाऱ्यांचं असंच झालं, पंधरा दिवस गेले. नवीन कॉलेज ठरलं की फी भरायच्या आधी एकदा पोरीबरोबर त्याच सकाळच्या बसनं जाऊन या, किती वाजता पोचते बघा, कॉलेज सुटल्यावर शेवटची बस कुठल्या स्टॉपवर आणि किती वाजता मिळते बघा, पावसाळ्यात ती गाडी गावापर्यंत येते की फाट्यावरच सोडते ते कंडक्टरला विचारा.