अँटिव्हायरसच्या चाचण्यांचे निकाल वाचताना या चुका टाळा

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सदाशिव पेठेतल्या एका सीएंच्या ऑफिसातून सकाळी साडेनऊला फोन आला. हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडत नव्हतं. पाचही कॉम्प्युटरवर एकच तक्रार, फाइल सापडत नाही. रिटर्न भरायची मुदत तोंडावर आलेली आणि बाहेर बाकावर लोक कागदांच्या पिशव्या घेऊन बसलेले. मी जाऊन अँटिव्हायरसची क्वारंटाइनची यादी उघडली, तर त्या सॉफ्टवेअरची मुख्य फाइलच तिथे कोंडून ठेवलेली. रात्री आलेल्या अपडेटनंतर अँटिव्हायरसने तिला व्हायरस ठरवलं होतं.

फाइल परत आणायला दहा मिनिटं लागली. पण तो अँटिव्हायरस निवडताना सीएसाहेबांनी एकच आकडा बघितला होता, १०० टक्के. ज्या अहवालातून तो घेतला होता, त्याच अहवालात थोडं पुढे चुकीच्या इशाऱ्यांचा तक्ताही होता, आणि त्यात या अँटिव्हायरसचा आकडा बाकीच्यांपेक्षा चांगलाच मोठा होता. तिथपर्यंत कुणी गेलंच नव्हतं.

पुण्यात बरीच वर्षं छोट्या ऑफिसांचे, दवाखान्यांचे आणि घरांचे कॉम्प्युटर मी सांभाळते आहे. अँटिव्हायरस तपासणाऱ्या संस्था खरोखर कष्टाने काम करतात, त्यांचे अहवाल वेबसाइटवर फुकट वाचता येतात, आणि तरीही खरेदी होते ती डब्यावरच्या सोनेरी शिक्क्यावरून. याची मला मनापासून हळहळ वाटते.

नुसता पकडण्याचा टक्का बघणं

समोर येईल त्या प्रत्येक फाइलला व्हायरस म्हणणारा प्रोग्राम लिहिला, तर तो एकही व्हायरस सोडणार नाही. पकडण्यात त्याला १०० टक्के मिळतील आणि कॉम्प्युटर मात्र वापरता येणार नाही. म्हणून चाचणीत व्हायरसच्या जोडीला हजारो चांगल्या, रोजच्या वापरातल्या फाइलीही अँटिव्हायरससमोर ठेवतात आणि त्यातल्या कितींना तो उगाच पकडतो हे मोजतात. जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट ही संस्था तीन विषयांना प्रत्येकी ६ गुण देते: संरक्षण, वेग आणि वापरातली सोय. चुकीचे इशारे मोजले जातात ते या तिसऱ्या विषयात. एकूण १८ पैकी १७.५ किंवा जास्त मिळाले तर 'टॉप प्रॉडक्ट' हा शिक्का मिळतो. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज ही संस्था चुकीचे इशारे फार झाले तर थेट दर्जाच खाली आणते.

हा प्रश्न किरकोळ नाही. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक महत्त्वाची फाइल व्हायरस म्हणून पकडली आणि जगभरचे असंख्य कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिले. इतक्या मोठ्या कंपनीकडून हे होऊ शकतं, तर आपण हा तक्ता वगळून चालणार नाही. मराठी फाँटची सॉफ्टवेअर, छोट्या कंपन्यांची बिलिंगची पॅकेज, दवाखान्यातल्या मशीनसोबत आलेले प्रोग्राम अशा गोष्टी जगात फार थोड्या कॉम्प्युटरवर असतात. अँटिव्हायरसच्या ओळखीत नसलेली फाइल त्याला पटकन संशयास्पद वाटते. डीटीपीवाले आणि सीए यांनी तर हा तक्ता आधी वाचावा आणि पकडण्याचा टक्का नंतर, असं माझं स्पष्ट मत आहे.

अशी फाइल अडकली तर घाईने 'रिस्टोअर' दाबू नका. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सही आहे का, कोणत्या कंपनीची आहे ते बघा. सॉफ्टवेअर देणाऱ्याला फोन करा. खात्री पटली की तेवढी एकच फाइल परत आणा आणि तेवढ्याच फाइलला सूट द्या. अँटिव्हायरस कंपनीकडे 'चुकीचा इशारा' म्हणून ती पाठवायची सोयही असते. ती वापरा, म्हणजे पुढच्या अपडेटमध्ये तुमच्यासारख्या इतरांची सुटका होते. बऱ्याच ठिकाणी मला दिसतं ते वेगळंच: कुणीतरी वैतागून अख्खा डी ड्राइव्ह सूट दिलेल्यांच्या यादीत टाकून ठेवलेला असतो. मग त्या ड्राइव्हवर काहीही आलं तरी तुमचा १८ पैकी १८ वाला अँटिव्हायरस तिकडे बघतसुद्धा नाही.

९९.५ आणि ९९.८ मध्ये जीव अडकवणं

खऱ्या जगासारखी म्हणतात ती चाचणी अशी होते. एकसारखे कॉम्प्युटर मांडायचे, त्यांवर सगळे अपडेट घेतलेलं विंडोज, आणि प्रत्येकावर एकेक अँटिव्हायरस. मग त्या दिवसांत खरोखर फिरणारी घातक लिंक सगळ्यांवर एकाच वेळी उघडायची. अँटिव्हायरसने लिंकच अडवली, फाइल उतरताना पकडली की फाइल चालू झाल्यावर तिची वागणूक बघून थांबवली, यातलं काहीही चालतं. शेवटी कॉम्प्युटर बिघडला का, एवढंच बघायचं. मग सगळं पुसून पुन्हा पहिल्यासारखं करायचं आणि पुढची लिंक घ्यायची. यात वेळ जातो, म्हणून अशी प्रकरणं काही शेच असतात. ४०० प्रकरणं धरली तर एक प्रकरण म्हणजे पाव टक्का. दोन कंपन्यांमधला ०.३ टक्क्यांचा फरक म्हणजे एखाद-दुसरी लिंक. पुढच्या फेरीत हेच उलट होऊ शकतं. म्हणून एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज जवळजवळ सारख्या निघालेल्यांचे गट करते आणि दर्जा देताना ते गट लक्षात घेते. ग्राहकानेही पहिल्या गटातल्या कुणालाही सारखंच मानावं.

त्याच अहवालात एक पिवळा रंग असतो, तो मात्र नीट बघा. अँटिव्हायरसने स्वतः निर्णय न घेता वापरणाऱ्याला विचारलं, 'चालू करू का?', की ते प्रकरण पिवळ्यात जातं आणि त्याला अर्धे गुण मिळतात. कोथरूडच्या एका काकांकडे मी हे डोळ्यांनी बघितलं. स्क्रीनवर चौकट आली आणि मी हात पुढे करेपर्यंत काकांनी 'अलाऊ' दाबलंही.

"काका, काय विचारलं होतं त्यात?"

"अगं, ते रोजच काहीतरी विचारतं. हो म्हटलं की जातं."

ज्या घरात वयस्कर माणसं किंवा लहान मुलं कॉम्प्युटर वापरतात, तिथे न विचारता अडवणारा अँटिव्हायरस हवा. पिवळा पट्टा लांब असलेला कितीही नावाजलेला असला तरी मी त्या घरात लावत नाही.

जुना शिक्का, वेगळंच प्रॉडक्ट

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात डबा हातात घेतला की शिक्क्यावरचा महिना-वर्ष वाचा. एव्ही-टेस्टच्या सांगण्यानुसार त्यांच्याकडे रोज साडेचार लाखांहून जास्त नव्या घातक आणि नकोशा प्रोग्रामांची नोंद होते. चार वर्षांपूर्वीच्या शिक्क्याला त्यात काय किंमत? घरगुती विंडोजच्या अँटिव्हायरसची त्यांची फेरी दर दोन महिन्यांनी होते, त्यामुळे ताजा निकाल शोधायला अडचण नसते. एका फेरीवरही जाऊ नका, मागच्या वर्षभराच्या फेऱ्या शेजारी शेजारी ठेवा. सतत साडेपाच-सहा मिळवणारा मला एकदा सहा आणि एकदा चार मिळवणाऱ्यापेक्षा भरवशाचा वाटतो.

प्रॉडक्टचं नावही अक्षरशः जुळवा. एकाच कंपनीचे चार डबे असतात, चाचणी त्यातल्या एकाची झालेली असते आणि जाहिरात चौघांची. २०१५ मध्ये तर याहून गंभीर गोष्ट उघडकीला आली. चीनच्या चिहू ३६० या कंपनीने चाचणीला दिलेल्या प्रॉडक्टमध्ये बिटडिफेंडर या दुसऱ्या कंपनीचं व्हायरस पकडायचं इंजिन चालू ठेवलेलं होतं आणि ग्राहकांना मिळणाऱ्या प्रॉडक्टमध्ये ते मुळात बंद असायचं. एव्ही-टेस्ट, एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज आणि ब्रिटनची व्हायरस बुलेटिन या तिघांनी मिळून त्या वर्षीचे त्यांचे दर्जे काढून घेतले. चाचणी करणाऱ्या संस्थांनी स्वतःच हे शोधून जाहीर केलं, यामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढलाच.

या संस्थांना पैसे कोण देतं, हा प्रश्न मला हमखास विचारतात. बऱ्याच चाचण्यांसाठी अँटिव्हायरस कंपन्याच फी भरतात. ते लपवलेलं नसतं. चाचणी कशी व्हावी याचे नियम ठरवायला २००८ मध्ये ॲम्टसो नावाची संघटना उभी राहिली, त्यात कंपन्या आणि चाचणी करणारे दोघेही आहेत. एखादं नाव यादीत नसेल तर ते नापास झालं असं समजू नका, त्यांनी भागच घेतला नसेल. क्विक हील आपल्या पुण्याची, कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून वाढत गेलेली कंपनी. 'आपल्या गावचं घेऊ' असं म्हणणारे मला खूप भेटतात आणि ती भावना मला समजते. तरी निकाल बघायची पद्धत सगळ्यांना एकच लावा.

घरच्या घरी 'चाचणी' करणं

आयकारची फाइल म्हणून एक गोष्ट आहे. ६८ अक्षरांची एक ओळ, नोटपॅडमध्ये लिहून सेव्ह करायची. ती व्हायरस नाही, तिने काही बिघडत नाही, पण सगळ्या अँटिव्हायरस कंपन्यांनी तिला पकडायचं असं ठरवलेलं आहे. सेव्ह केल्या केल्या इशारा आला तर अँटिव्हायरस जागा आहे एवढंच कळतं. धुराचा अलार्म बटण दाबून वाजवून बघतो, तसंच. दोन अँटिव्हायरसमध्ये चांगला कुठला, हे यावरून कळत नाही. इशारा आलाच नाही तर मात्र लगेच बघा: लायसन्स संपलं आहे का, रिअल-टाइम प्रोटेक्शन बंद आहे का, तो फोल्डर सूट दिलेल्यांत आहे का.

व्हायरसटोटल या, एकच फाइल अनेक अँटिव्हायरसकडून तपासून देणाऱ्या वेबसाइटवर फाइल टाकून 'याने पकडली, त्याने नाही' अशी तुलना करणंही चूक आहे. तिथे सत्तरेक इंजिनं असतात, पण ती तुमच्या कॉम्प्युटरवरच्या पूर्ण प्रॉडक्टसारखी चालत नाहीत. लिंक अडवणं आणि वागणूक बघून थांबवणं हे तिथे बहुतेक उतरतच नाही. अँटिव्हायरसची तुलना करायला ही सेवा वापरू नका, असं व्हायरसटोटलवाले स्वतः सांगतात. आणि ग्राहकांची कागदपत्रं तिथे चुकूनही टाकू नका, टाकलेली फाइल इतर संशोधकांनाही मिळू शकते.

चाचणीचा कॉम्प्युटर आणि तुमचा कॉम्प्युटर

वेगाच्या विषयात ६ पैकी ६ मिळाले म्हणून लावला आणि लॅपटॉप रांगायला लागला, ही तक्रार मी आठवड्याला एकदा तरी ऐकते. चार जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर एव्ही-कंपॅरेटिव्ह्जचे वेगाचे निकाल आधी बघा, ती चाचणी साध्या, कमी ताकदीच्या कॉम्प्युटरवर केलेली असते. आणि विकत घेण्याआधी महिन्याची फुकट आवृत्ती स्वतःच्या मशीनवर चालवा. टॅली उघडायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा, आधी आणि नंतर.

पुष्कळदा दोष नव्या अँटिव्हायरसचा नसतोच. जुना पूर्ण निघालेला नसतो आणि दोघं प्रत्येक फाइलवर झटापट करत असतात. कंट्रोल पॅनलमधून काढल्यावरही अवशेष उरतात, त्यासाठी त्या त्या कंपनीचं काढून टाकायचं वेगळं साधन वेबसाइटवर मिळतं. ते चालवा, रीस्टार्ट करा, मगच नवा लावा. विंडोज सिक्युरिटी उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये एकच नाव चालू दिसतंय ना, ते तपासा.

घरगुती वापराला विंडोजसोबत येणारा डिफेंडर पुरतो का? बहुतेक घरांना पुरतो, असं मी सांगते. एव्ही-टेस्टमध्ये तो वारंवार पूर्ण गुण मिळवतो. त्याची पकड इंटरनेट चालू असताना चांगली असते, ऑफलाइन कमी पडते. सतत पेनड्राइव्ह फिरणाऱ्या झेरॉक्सच्या दुकानात मी म्हणूनच ऑफलाइनचा रकाना बघून दुसरा सुचवते.

चाचणीतलं विंडोज पूर्ण अपडेट केलेलं असतं, हे वर आलंच आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर कुठलाही अँटिव्हायरस लावलात तरी निकालातला आकडा तुम्हाला तसाच लागू होईल असं धरू नका.

जे या चाचणीत येतच नाही

त्याच कोथरूडच्या काकांना मागच्या वर्षी व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. पत्रिका कसली, एपीके फाइल होती, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल. लॅपटॉपवरचा अँटिव्हायरस उत्तम होता, पण फोनचा आणि त्याचा काय संबंध? फोनच्या अँटिव्हायरसच्या चाचण्या वेगळ्या होतात आणि त्या वेगळ्याच वाचायला हव्यात. कुणीतरी बँकेतून बोलतोय म्हणून तुम्ही ओटीपी सांगितलात, तर ते तर कुठल्याच चाचणीत मोजलं जात नाही.

काकांनी फाइल दाबली, इन्स्टॉल केली, एसएमएस वाचायची परवानगीही दिली. मग शंका आली म्हणून मला फोन केला. मी म्हटलं, काका, आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा, आणि काकूंच्या फोनवरून बँकेला फोन करून व्यवहार थांबवायला सांगा. पैसे गेले असते तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला लावला असता. मी पोहोचले तेव्हा खातं थांबवून झालं होतं आणि रक्कम शाबूत होती. ते ॲप सेफ मोडमध्ये जाऊन काढलं. फोनमधली ॲप तपासणारा गूगलचा प्ले प्रोटेक्ट बंद होता, तो चालू केला. अनोळखी ठिकाणाहून ॲप टाकायची व्हॉट्सॲपला दिलेली परवानगी काढून घेतली. काकू शेजारी बसून एकेक पायरी वहीत लिहून घेत होत्या.