इक्विटी फंडातले पैसे डेट फंडात कसे हलवावेत

इक्विटी (शेअर) आणि डेट (रोखे) यांचं प्रमाण किती ठेवायचं हे तुमचं ठरलेलं आहे, असं धरून चालतो. समजा ६०:४० ठरलंय. एकूण २० लाखांपैकी इक्विटी १४ लाखांवर गेली असेल, तर २ लाख डेटमध्ये न्यायचे. वर्षातून एकदा बघा आणि प्रमाण पाच टक्क्यांहून जास्त सरकलं असेल तरच हात लावा. बाजार आता पडणार म्हणून घाईने स्विच करा, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

कॅम्स किंवा केफिनटेककडून (फंडांच्या व्यवहारांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या) सुरुवातीपासूनच्या सगळ्या व्यवहारांचं स्टेटमेंट मागवा.

आता खरी अडचणीची पायरी. मीही इथेच बराच काळ अडलो होतो. ‘स्विच’ म्हणजे पैसे या खिशातून त्या खिशात, असं बरेच सल्लागार बिनधास्त सांगतात. ते साफ चूक आहे. स्विच म्हणजे आधी विक्री आणि मग खरेदी. फंड हाउस तेच असलं तरी कर लागतो, आणि एसटीपीच्या (हप्त्याहप्त्याने आपोआप होणारा स्विच) प्रत्येक हप्त्यालाही लागतो.

नफा मोजताना तर ॲपवर अजिबात विसंबू नका. ॲप सरासरी खरेदीभाव दाखवतं, करासाठी मात्र सर्वात जुनी युनिटं आधी विकली असं धरतात. समजा एनएव्ही (एका युनिटचा भाव) आज १०० आहे आणि ॲपवर सरासरी भाव ७० दिसतोय. २ लाखांवर नफा ६० हजार, असं तुम्ही धरणार. पण स्टेटमेंटमधली सुरुवातीची एसआयपीची (ठरावीक हप्त्याने केलेली गुंतवणूक) युनिटं ४० च्या भावाची असतील, तर नफा निघतो १ लाख २० हजार, म्हणजे बरोबर दुप्पट.

वर्षाहून जुन्या इक्विटी युनिटांवरचा १.२५ लाखापर्यंतचा नफा आर्थिक वर्षात करमुक्त आहे, त्यापुढच्या नफ्यावर १२.५ टक्के कर. ही मर्यादा शेअर आणि इक्विटी फंड मिळून एकच आहे. त्याच वर्षी शेअर विकून दीर्घ मुदतीचे ३० हजार कमावले असतील, तर वरच्या उदाहरणात २५ हजारांवर कर बसेल, सेस धरून सव्वातीन हजार. म्हणून रक्कम मोठी असेल तर अर्धी मार्चच्या मध्यात आणि अर्धी एप्रिलमध्ये हलवा, दोन वर्षांच्या मर्यादा वापरता येतात. ३१ मार्चची वाट बघू नका. वर्ष न झालेल्या युनिटांना हात लावू नका: २० टक्के कर, वर बहुतेक फंडांत १ टक्का एक्झिट लोड (लवकर पैसे काढल्याची कपात). ईएलएसएसचा (कर वाचवणारा इक्विटी फंड) प्रत्येक हप्ता स्वतंत्रपणे तीन वर्षं अडकलेला असतो, तेही तपासा.

डेट फंड परतावा बघून निवडू नका. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पलटनने सहा डेट योजना गुंडाळायला घेतल्या, त्या जास्त व्याजासाठी कमी दर्जाच्या रोख्यांत शिरल्या होत्या. पोर्टफोलिओत सरकारी आणि ट्रिपल ए (सर्वोच्च पतदर्जाचे) रोखेच हवेत, आणि त्यांची मुदत तुमच्या गरजेपेक्षा लांब नको.

अर्ज दुपारी तीनच्या आत टाका. इक्विटीची विक्री आणि डेटची खरेदी यांच्या तारखा वेगळ्या दिसतील, ते बरोबर आहे.

उलट दिशेला, डेटमधून इक्विटीत जाताना, शक्यतो विकूच नका. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडाचा नफा कितीही वर्षांनी काढला तरी तुमच्या प्राप्तिकराच्या स्लॅबनेच करपात्र होतो. त्यापेक्षा नवी एसआयपी इक्विटीकडे वळवा.