कूलिंग नाही म्हटलं की लगेच गेज लावू नका

आम्ही फ्रिज, बॉटल कूलर, कोल्ड रूम दुरुस्त करणारे, पुण्यात एप्रिल लागला की फोन सुरू होतात, आणि फोनवरचं वाक्य ठरलेलं, "कूलिंग येत नाहीये, गॅस संपला असेल, येऊन मारून टाका." गिऱ्हाइकाला माहिती नसतं ते ठीक आहे, पण आपली नवीन पोरंही गाडीवरून उतरल्या उतरल्या गेज (गॅसचं प्रेशर मोजायचं मीटर) काढतात याचं वाईट वाटतं. गॅस म्हणजे पेट्रोल नाही जळून संपायला. सिस्टिम बंद असते, गॅस कमी झालाय म्हणजे कुठेतरी पंचर आहे, आणि पंचर न शोधता गॅस मारला तर महिन्याभरात तेच गिऱ्हाईक तोच फोन परत करणार. दुसरं म्हणजे लहान व्हिजी कूलरमध्ये (काचेच्या दाराचा, दुकानातला फ्रिज) गॅस असतो शंभर-दोनशे ग्रॅमच्या आसपास, गेज लावून काढलं की पाइपमधले काही ग्रॅम गेलेच, म्हणजे धडधाकट मशीन आपणच अर्धपोटी करून ठेवतो. म्हणून माझी पद्धत अशी, आधी डोळे, मग वीज, मग तापमान, आणि गेज सगळ्यात शेवटी.

बॅगेत काय पाहिजे

आधी पैसे क्लॅम्प मीटरवर (वायरीला पकडून अँपिअर मोजणारा) घाला, तोही कपॅसिटर मोजणारा आणि टेम्परेचरची वायर लागणारा. तापकीर गल्लीत फिरलात तर स्वस्तातले ढीगभर मिळतील, पण घेताना तिथेच एखाद्या नव्या कपॅसिटरवर लावून बघा आकडा बरोबर येतो का. मग पाइपला क्लिप लागणारे दोन थर्मामीटर, लेझर बंदुकीवर भरवसा ठेवू नका, चकचकीत तांब्यावर ती काहीही दाखवते. थर्मामीटर तपासायचा तर बर्फाच्या पाण्यात, ० आलं पाहिजे. उकळत्या पाण्यात तपासणार असाल तर लक्षात ठेवा, पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, इथे पाणी ९८ डिग्रीच्या आसपासच उकळतं.

मॅनिफोल्ड गेज, व्हॅक्यूम पंप, ट्यूब कटर, फ्लेअरिंग टूल, ब्रेझिंगचा (तांब्याचे पाइप तापवून जोडायचा) सेट हे सगळ्यांकडे असतंच. ज्यावर लोक कंजुषी करतात त्या गोष्टी म्हणजे ग्रॅममध्ये दाखवणारा वजनकाटा, मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम किती खोल गेलाय ते दाखवणारा) आणि रेग्युलेटरसकट नायट्रोजनचा सिलिंडर. काम टिकतं ते या तिघांवरच. आणि हो, एक ब्लोअर आणि रंगाचा जुना ब्रश, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

पहिली पाच मिनिटं हात खिशात

मशीन कुठे ठेवलंय बघा. टपरीवरचा बॉटल कूलर दुपारच्या उन्हात, मागे भिंतीला चिकटलेला, वर खोक्यांची चळत, हवा जाणार कुठून? खालची जाळी काढून कंडेन्सर (आतली उष्णता बाहेर टाकणारी कॉइल) बघा. बेकरीत त्याच्यावर मैदा बसलेला असतो, हॉटेलच्या किचनमध्ये तेलकट काजळी, आणि भोसरी-चाकणकडे कंपनीच्या कँटीनमध्ये नुसती धूळ. बेकरीचा कंडेन्सर सगळ्यात वाईट, कारण मैद्याला दमट हवा लागली की फिन्समध्ये (कॉइलच्या पातळ पट्ट्यांत) त्याची खळ होते आणि वरून फुंकर मारून ती निघत नाही, उलट आत ढकलली जाते. तिथे आतल्या बाजूनं बाहेर अशी हवा मारायची, नाहीतर कॉइल क्लीनर लावून थोडा वेळ सोडून पाण्यानं धुवायचा, मोटर आणि वायरिंग झाकून, आणि फिन्स वाकल्या असतील तर कंगव्यानं सरळ करायच्या. कंडेन्सर चोंदला की हेड प्रेशर (कंडेन्सरकडचं प्रेशर) चढतं, अँपिअर चढतात, कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) तापून ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं गॅस संपला.

मग दार. दहाची नोट गॅस्केटमध्ये धरून दार लावा आणि ओढा, सहज निघाली तर तिथून हवा आत जातेय. पावसाळ्यात अशा दारातून दमट हवा जाऊन कूलिंग कॉइलवर बर्फाची भिंत होते. मिठाईच्या काउंटरला गणपती-दिवाळीत दार मिनिटाला उघडतं, तेव्हा मशीनचा दोष काढण्याआधी गर्दी बघा. कोल्ड रूम असेल तर आतले पंखे सगळे फिरतायत का, कॉइल बर्फानं बुजलीय का, डिफ्रॉस्टचा (बर्फ वितळवायचा) टायमर आणि हीटर चालू आहेत का, ड्रेन तुंबलाय का. बर्फ बुजलेल्या कॉइलवर गेज लावून काय आकडा बघणार? आधी बर्फ वितळवा, पंखा बंद करून वितळवा, चाकूनं खरवडू नका, त्या चाकूनं पाडलेली भोकं बुजवण्यात आयुष्य गेलंय लोकांचं.

कॉम्प्रेसर उठत नसेल तर

व्होल्टेज मीटरवर २३० दिसलं म्हणून खूष होऊ नका, कॉम्प्रेसर उठायच्या क्षणी टर्मिनलवर किती राहतं ते बघा. पेठेतल्या जुन्या वाड्यांतली दुकानं, बारीक वायर, एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर मिक्सर, फ्रिज, पंखा, तिथे उठताना व्होल्टेज धपकन खाली येतं. २०७ च्या खाली जात असेल तर आधी वायर आणि सॉकेट बदलायला सांगा, कॉम्प्रेसरला काही झालेलं नसतं.

मग मेन स्विच बंद करून, कपॅसिटर डिस्चार्ज करून, वायरी काढून ओहम मोजा. तीन टर्मिनल, सी (कॉमन), एस (स्टार्ट), आर (रन). सी-आर सगळ्यात कमी, सी-एस त्याहून जास्त, आणि एस-आर म्हणजे दोघांची बेरीज. समजा ४ आणि १२ आलं तर तिसरं १६ यायला पाहिजे. कुठल्याही टर्मिनलपासून बॉडीला मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) काही आलं नाही पाहिजे, म्हणजे इन्सुलेशन मेगओहममध्ये दिसलं पाहिजे. आता इथे एक फसगत होते ती नीट ऐका. काही कॉम्प्रेसरमध्ये ओव्हरलोड (तापला की वीज तोडणारा स्विच) आतच असतो. कॉम्प्रेसर तापून ट्रिप झालेला असेल तर सी-आर आणि सी-एस दोन्ही ओपन दाखवतं, पण एस-आर मात्र बरोबर येतं. याचा अर्थ वाइंडिंग (मोटरची तार) गेलं असा नाही, आतला ओव्हरलोड उघडलाय. थंड व्हायला तास-दोन तास लागू शकतात, ओला फडका टाकून ठेवा, टर्मिनलला पाणी लागू देऊ नका, मग परत मोजा. चांगले कॉम्प्रेसर भंगारात जाताना बघितलेत या एका कारणानं, आणि गिऱ्हाइकाला बिल किती बसतं ते तुम्हाला माहितीये.

रन कपॅसिटर चालू मशीनवरही मोजता येतो. कपॅसिटरच्या वायरीतले अँपिअर गुणिले ३१८३, भागिले कपॅसिटरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज, उत्तर मायक्रोफॅरडमध्ये. अमेरिकन व्हिडिओत २६५२ सांगतात ते ६० हर्ट्झसाठी, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ, तो आकडा इथे वापरला तर चांगला कपॅसिटरही कमजोर दिसेल. उदाहरणार्थ ३.६ अँपिअर आणि ३३० व्होल्ट, म्हणजे ३५ च्या जवळ, कपॅसिटरवर ३५ लिहिलंय तर उत्तम. २८ वगैरे आला तर बदला, विचार करत बसू नका.

थ्री फेज स्क्रोल (कॉम्प्रेसरचा एक प्रकार) असलेल्या कोल्ड रूमला, मार्केटयार्डात असोत की एमआयडीसीत, अजून एक गंमत होते. केबलचं काम झालं की फेज उलटसुलट लागतात, स्क्रोल उलटा फिरतो, प्रचंड आवाज करतो, अँपिअर कमी, आणि सक्शन (कॉम्प्रेसरकडे येणारा) आणि डिस्चार्ज (त्यातून बाहेर जाणारा) यांच्या प्रेशरमध्ये फरकच पडत नाही. लोक कॉम्प्रेसर बाद ठरवतात. बंद करा, कोणतेही दोन फेज अदलाबदल करा, चालू करा. फेज सिक्वेन्सचा रिले बसवून द्या म्हणजे परत नको.

आता गेज

एवढं करूनही कूलिंग नसेल तर लावा गेज, पण नुसतं प्रेशर वाचून बोलू नका, प्रेशरबरोबर पाइपचं तापमान घ्या. सक्शनच्या प्रेशरवरून चार्टमध्ये उकळण्याचं तापमान बघायचं आणि कॉइलमधून बाहेर येणाऱ्या पाइपचं तापमान त्यापेक्षा किती जास्त ते सुपरहीट. लिक्विड लाइन (कंडेन्सरमधून निघणारा पाइप) कंडेन्सिंगच्या तापमानापेक्षा किती थंड ते सबकूलिंग. एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या (कॉइलमध्ये किती गॅस सोडायचा ते ठरवणारा) मशीनला सुपरहीट साधारण ५ ते ७ डिग्री चालतं, कॅपिलरीच्या (त्याच कामाची बारीक नळी) मशीनला ते लोडप्रमाणे हलतं.

आर-१३४ए गॅसचा व्हिजी कूलर, बाहेर ३८ डिग्री, कंडेन्सर साफ, आतलं तापमान ४ वर आलेलं, तर सक्शन १७ पीएसआयच्या (प्रेशर मोजायचं एकक) आसपास म्हणजे कॉइल उणे ८, आणि डिस्चार्ज १७५ च्या आसपास म्हणजे ५० डिग्री. आता समजा सक्शन ५ वर आलंय, सुपरहीट भरपूर. इथे दोनच रस्ते. सबकूलिंगही नाही, डिस्चार्जही पडलंय, तर गॅस कमी. पण सबकूलिंग चांगलं आहे, कंडेन्सरच्या खालच्या भागात लिक्विड साठलंय, तर गॅस आहे पण पुढे जात नाही, म्हणजे ड्रायर (ओलावा आणि कचरा अडवणारी गाळणी) किंवा कॅपिलरी चोक, म्हणजे तुंबलेली. खात्री करायला मशीन बंद करा. गॅस कमी असेल तर दोन्ही प्रेशर पटकन बरोबरीला येतात, चोक असेल तर बराच वेळ लागतो किंवा येतच नाहीत. ड्रायरच्या दोन टोकांना हात लावा, एक कोमट आणि एक गार लागलं तर अडकलंय तिथेच.

चोकही दोन प्रकारचा. थोडा वेळ छान कूलिंग, मग बंद, परत आपोआप चालू, हा ओलाव्याचा चोक, कॅपिलरीच्या तोंडाशी पाण्याचा बर्फ होतो. गरम पाण्याचा फडका धरला की आत सूं आवाज येऊन गॅस वाहायला लागतो. कचऱ्याच्या चोकला फडक्यानं काही फरक पडत नाही. सक्शन आणि सुपरहीट दोन्ही कमी असेल तर गॅसचा प्रश्न नाही, हवा कमी आहे, परत कॉइल आणि पंख्याकडे जा. सक्शन चढलेलं, डिस्चार्ज पडलेलं, कॉम्प्रेसर गरम पण काम करत नाही, तर त्याचे व्हॉल्व्ह गेलेत.

उघडलंच आहे तर नीट बंद करा

लीक शोधायला नायट्रोजन भरा, प्रेशर मशीनच्या प्लेटवर लिहिलेल्या मर्यादेत. ऑक्सिजन कधीच नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. साबणाचं पाणी सगळ्या जोडांना. नायट्रोजन न भरता चालत्या सिस्टिमवर शोधत असाल तर लो साइड (सक्शनकडची बाजू) मशीन बंद असताना तपासा, कारण तेव्हा तिथलं प्रेशर जास्त असतं. ब्रेझिंग करताना आतून नायट्रोजन हळू वाहता ठेवा, नाहीतर तांब्याच्या आत काळी पापडी धरते आणि तीच पुढे कॅपिलरीत जाऊन बसते. ड्रायर दर वेळी नवीन.

व्हॅक्यूमला गेजवर २८ इंच (पाऱ्याचे) आलं की पुण्यात काटा थांबणारच, ३० ची वाट बघू नका, इथली हवाच तेवढी. पण २८ इंच म्हणजे सिस्टिम कोरडी झाली असं नाही, ते मायक्रॉन गेजच सांगतं. ५०० मायक्रॉनच्या खाली न्या, पंप बंद करून वेगळा करा, दहा मिनिटं थांबा. थोडं चढून थांबलं तर ओलावा आहे, चढतच राहिलं तर अजून लीक आहे. पावसाळ्यात पंपाचं तेल दुधी दिसलं की बदला.

गॅस प्लेटवर लिहिलाय तेवढाच, वजनावर. आर-४०४ए, आर-४१०ए हे मिश्रण आहेत, लिक्विड म्हणूनच सोडायचे, सक्शनला हळूहळू. आर-२२ ची जुनी युनिट्स अजून भरपूर आहेत पण २०३० पर्यंत तो जवळपास बंद होणार आहे, आणि एचएफसीलाही (आर-१३४ए, आर-४०४ए, आर-४१०ए हे त्यातलेच) भारतानं २०२१ मध्ये किगाली करार (हे गॅस कमी करायचा जागतिक करार) मंजूर केल्यामुळे २०२८ पासून लगाम लागणार. त्यामुळे नवीन डीप फ्रीझरमध्ये आर-२९० दिसायला लागलाय, म्हणजे प्रोपेन.

त्याच्या बाबतीत एकच सवय मोडा, लावलेल्या जोडाला टॉर्च (ब्रेझिंगची ज्योत) लावायची. गॅस बाहेर मोकळ्या हवेत सोडून, आतून नायट्रोजन फिरवून, पाइप कटरनं कापायचा. हवेत प्रोपेन साधारण २.१ टक्के झाला की ठिणगीनं पेटतो, हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो, वासही नसतो, आणि आपल्याकडे शेजारीच चहाचा स्टोव्ह पेटलेला असतो. काही महाभाग घरगुती सिलिंडरचा गॅस भरतात, स्वस्त पडतो म्हणून. त्यात ब्युटेन मिसळलेला, वास येणारं रसायन घातलेलं, ओलावा वेगळाच, आकडे कोणत्याही चार्टला जुळणार नाहीत. आर-२२ च्या मशीनमध्ये तर प्रोपेनही भरू नका, त्यातले स्विच आणि रिले ज्वलनशील गॅससाठी बनवलेलेच नसतात. मालक म्हणाला "चालतंय हो, टाका" तरी नाही म्हणून बॅग उचला.